‘छापणारा बघून घेईल’ हे उत्तर नाही

घरगुती मसाले, लोणची, भाजण्या, कोकम आगळ विकणाऱ्या लहान उत्पादकांना हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो. लेबलच्या फाइलचा फार विचार करू नका. मोबाइलवर एखादं तयार डिझाइन उचला, त्यात आपलं नाव टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या, पुढचं छापणारा बघून घेईल.

या सल्ल्याच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. एक, सीएमवायके, ब्लीड, रिझोल्यूशन या जुन्या छपाईच्या अटी आहेत, आजची डिजिटल यंत्रं ते सगळं आपोआप सांभाळतात. दोन, फाइल नीट करणं हे छापणाऱ्याचं काम आहे, गिऱ्हाइकाने ते कशासाठी शिकायचं? आणि तीन, महिन्याला शे-दोनशे बरण्या विकणाऱ्या बाईवर हे आणखी एक ओझं टाकणं अन्यायाचं आहे. तिसऱ्या मुद्द्यातली कळकळ खरी आहे. त्यामुळेच हा सल्ला पटकन पटतो, आणि त्यामुळेच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं, की लेबलच्या फाइलमध्ये जे आपण ठरवत नाही ते पुढे दुसरं कोणीतरी ठरवतं, घाईत आणि अंदाजाने. त्या अंदाजाचे पैसे मात्र ज्याच्या नावाने लेबल छापलं जातं त्याच्याच खिशातून जातात.

आधी यंत्रांविषयी. डिजिटल छपाईने लहान उत्पादकाचं मोठं भलं केलं, हे मान्यच आहे. प्लेट काढावी लागत नाही म्हणून शंभर लेबलंही परवडतात. पडद्यासाठीच्या रंगांतली, म्हणजे आरजीबी, फाइल आली तरी यंत्राचं सॉफ्टवेअर ती चार शायांत, म्हणजे सीएमवायकेत, बदलून घेतं. पण बदलणं आणि बरोबर बदलणं यांत फरक आहे. पडद्यावर झळाळणारा केशरी किंवा पोपटी हिरवा निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून तसाच्या तसा उभा राहत नाही, तो मंदावतो. किती मंदावला तर चालेल, की त्याऐवजी थोडा गडद पण स्वच्छ रंग घ्यावा, हा निर्णय आहे. यंत्राला सांगलीची हळद आणि लिंबाचं लोणचं यांतला पिवळा वेगळा हवा हे माहीत नसतं. गणिताने जवळचा जो रंग येतो तो ते देऊन टाकतं.

काळ्या रंगाचं उदाहरण याहून बोलकं आहे. पडद्यावरचा काळा म्हणजे प्रकाश नाही, एवढंच. तोच काळा अ‍ॅडोबीच्या नेहमीच्या अमेरिकी सेटिंगमधून सीएमवायकेत बदलला, की तो ७५ टक्के निळसर, ६८ टक्के गुलाबी, ६७ टक्के पिवळा आणि ९० टक्के काळा होतो. म्हणजे घटक पदार्थांच्या यादीतलं बारीकसं अक्षर एका शाईने न छापता एकावर एक चार शायांनी, मिळून ३०० टक्के शाईने छापलं जातं. शायांची एकमेकींवरची जुळणी, म्हणजे रजिस्ट्रेशन, केसभर हललं तरी त्या अक्षराला गुलाबी-निळी कड येते आणि ते वाचवत नाही. फाइलमध्येच मजकूर शंभर टक्के एका काळ्यात ठेवला असता आणि ओव्हरप्रिंट लावला असता, म्हणजे खालचा रंग न कापता काळा त्यावरच छापला असता, तर हा प्रश्न उभाच राहिला नसता. ते करायला दोन मिनिटं लागतात.

यात पैशाचाही हिशेब आहे. माल वाढला आणि लेबल फ्लेक्सोवर किंवा ऑफसेटवर गेलं, की प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते. वजन, किंमत, पत्ता, घटक पदार्थ हा सगळा बदलता मजकूर केवळ काळ्यात असेल, तर पुढच्या वेळी एकच काळी प्लेट बदलून भागतं. एकाच नक्षीवर गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मालवणी मसाला अशी तीन लेबलं निघू शकतात. तोच मजकूर चार रंगांत विरघळलेला असेल, तर एका शब्दासाठी चारही प्लेटा नव्याने काढाव्या लागतात. ज्यांना लहान उत्पादकाच्या खर्चाची काळजी आहे त्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

आणि काही गोष्टी कितीही हुशार यंत्राला कळू शकत नाहीत. कोकम सरबताच्या बाटलीवर पारदर्शक लेबल लावायचं आहे असं धरा. पारदर्शक फिल्मवर शाईच्या मागे पांढरा थर नसेल, तर पिवळी अक्षरं त्या लालभडक सरबतात बुडून जातात. कुठे पांढरा थर द्यायचा आणि कुठून सरबताचा रंग दिसू द्यायचा, हे फाइलमध्ये पांढऱ्याचा स्वतंत्र स्पॉट रंग करूनच सांगावं लागतं. लेबल ज्या आकारात कापलं जाणार त्या डायची रेषाही अशीच वेगळ्या लेयरवर, वेगळ्या रंगात द्यावी लागते, नाहीतर ती रेषाच लेबलवर छापून येते. कापणी कधीच अगदी रेषेवर होत नाही, म्हणून रंग रेषेच्या बाहेर साधारण २ ते ३ मिमी न्यायचा (यालाच ब्लीड म्हणतात) आणि मजकूर तितकाच आत ठेवायचा. ब्लीड नसलेल्या लेबलच्या एका कडेला पांढरी रेघ दिसते, तेव्हा यंत्र बिघडलेलं नसतं. मागितलंच नव्हतं ते त्याने दिलं नाही.

‘हे सगळे संगणकानंतरचे नखरे आहेत’ असंही काही जण म्हणतात. तसं मुळीच नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे शिळाछपाईने देवदेवतांची रंगीत चित्रं निघत. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागायची. मूळ चित्र पाहून कुठला रंग कुठल्या शिळेवर किती उतरवायचा, हे जाणता कारागीर हाताने ठरवायचा. छापण्याआधी रंग वेगळे करणं हे तेव्हाही कौशल्याचं काम होतं. आज शिळेच्या जागी लेयर आले आहेत, विचार करण्याची गरज तेवढीच उरली आहे.

आता मला सर्वांत जास्त टोचणाऱ्या मुद्द्याकडे येतो. बारीक मराठी अक्षरं नीट येत नाहीत, तुटतात, भरतात, म्हणून लेबल इंग्रजीतच ठेवा, असं सांगणारे खूप भेटतात. कायद्याचा आधारही दिला जातो. अन्नपदार्थांच्या लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी, असं २०२० च्या लेबलिंग नियमांत आहे, ते खरंच आहे. पण त्याच नियमांत आणखी एखादी भाषा वापरायला पूर्ण मुभा आहे, फक्त माहितीत विसंगती नको. तेव्हा मराठी लेबलवरून हटते ती कायद्यामुळे नाही. चुकीच्या फाइलमुळे ती विद्रूप छापली जाते, आणि मग विद्रूप दिसते म्हणून काढून टाकली जाते.

देवनागरीचं दुखणं कुठे आहे ते नीट पाहू. आपल्याकडे डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर अजून भरपूर आहे. या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की ‘मेतकूट’च्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. मजकूर युनिकोडमध्ये असेल तरी सगळं सुरळीत होतंच असं नाही. अ‍ॅडोबीच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर निवडलेला नसेल, किंवा कोरलड्रॉची आवृत्ती जुनी असेल, तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि ‘पुऱ्या’तला ‘ऱ्या’ मोडून पडतो. छापखान्यात काम करणारा माणूस मराठी वाचणारा असेलच असंही नाही. लेबलं तमिळनाडूतल्या शिवकाशीहून छापून आली, तर मोडलेलं जोडाक्षर तिथे कोणाला खटकणार?

यावर इलाज साधा आहे. छपाईला जाणाऱ्या प्रतीत सगळा मजकूर कर्व्ह्जमध्ये बदलायचा. अक्षरं आकृती झाली की फॉन्ट असो-नसो, ती बदलत नाहीत. मात्र त्याआधी मजकूर मराठी जाणणाऱ्याने वाचून पाहिलेला हवा, आणि बदलता येईल अशी मूळ प्रत वेगळी जपून ठेवायला हवी, कारण कर्व्ह्ज झालेल्या शब्दात नंतर एक मात्राही टाइप करून बदलता येत नाही. देवनागरीची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांत किंचित शिरलेली असतात. कर्व्ह्ज केल्यावर ती घाईघाईने एकत्र कंबाइन केली, की जिथे ती एकमेकांवर येतात तिथे पांढरी भोकं पडतात. अक्षराला बाहेरून कड दिली, तर प्रत्येक सांधा उघडा पडतो. अशा ठिकाणी अक्षरं वेल्ड करावी लागतात. रोमन अक्षरं एरवी सुटी सुटी असतात, म्हणून इंग्रजी लेबलं करण्यात मुरलेल्या माणसाला ही अडचण सहसा भेटतच नाही.

बारीक अक्षराचा प्रश्नही मराठीत निराळा आहे. देवनागरीला वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार-जोडाक्षरांना जागा ठेवावी लागते. त्यामुळे ६ पॉइंटच्या इंग्रजीच्या शेजारी ६ पॉइंटची मराठी ठेवली, की मराठी अक्षराचं अंग लहानच दिसतं. डिझाइन इंग्रजीत आखून मराठी त्याच मापात कोंबली, तर ती वाचता येणार नाही हे आधीच ठरलेलं असतं. त्यात गडद पट्टीवर पांढरी अक्षरं असतील, तर आजूबाजूची शाई पसरून अक्षरांच्या बारीक रेघाच बुजतात. मग ‘धणे’ आणि ‘घणे’ यांत फरक राहत नाही, ‘हिंग’ वरचा अनुस्वार गेला की ‘हिग’ उरतो, आणि ‘पोषण’ मधल्या ष ची तिरकी रेघ बुजली की ‘पोपण’ वाचलं जातं. यावर उपाय फाइलमध्येच आहेत: मराठीला दोन पॉइंट जास्त द्या, बारीक मजकूर पांढऱ्यावर काळा ठेवा, फार नाजूक फॉन्ट टाळा, पांढरी अक्षरं अटळ असतील तर त्यांच्यामागची पट्टी एकाच रंगाची करा. आपल्या लिपीला आपण एवढी जागा देत नाही आणि मग लिपीच छपाईला गैरसोयीची म्हणतो, हे मला मुळीच मान्य नाही.

लेबलवरच्या सक्तीच्या गोष्टींचंही तसंच आहे. शाकाहाराच्या चिन्हाचं किमान माप नियमाने ठरलेलं आहे. मुख्य दर्शनी भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर हिरव्या वर्तुळाचा व्यास निदान ३ मिमी हवा आणि चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट. निव्वळ वजनाच्या अंकांची उंची वजनमापे कायद्याखालच्या नियमांनी ठरते. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक वाचता आला पाहिजे. आता मोठ्या बरणीचं लेबल ‘थोडं लहान करून’ छोट्या बरणीला लावलं, की ही सगळी मापं एकाच वेळी घसरतात. छापणारा टक्केवारीने फाइल लहान करतो, कारण त्याला तसंच सांगितलेलं असतं. कोणतं चिन्ह किती मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये, हे लेबलच्या मालकालाच माहीत असावं लागतं, कारण नोटीस त्याच्या नावाने येते.

बारकोडचीही तीच गोष्ट. आपल्याकडच्या उत्पादनांवर बहुधा दिसणाऱ्या, ८९० ने सुरू होणाऱ्या १३ अंकी बारकोडचं प्रमाण माप ३७.२९ मिमी रुंद आणि २५.९३ मिमी उंच असतं. ते ८० टक्क्यांपर्यंतच लहान करता येतं. प्रमाण मापात डावीकडे सुमारे ३.६ मिमी आणि उजवीकडे सुमारे २.३ मिमी कोरी जागा सोडावी लागते. डिझाइनमध्ये ती जागा ‘मोकळी’ दिसते म्हणून कोणीतरी तिथे वेल काढतो, आणि स्कॅनरला बारकोड सुरू कुठे होतो तेच कळत नाही. पट्ट्या लाल किंवा केशरी केल्या तरी अडचण येते, कारण लाल प्रकाशाच्या स्कॅनरला लाल रेघ पांढरी दिसते. लहान गोल बाटलीवर पट्ट्या उभ्या ठेवल्या तर कडेच्या पट्ट्या वळणामागे जातात. तिथे बारकोड फिरवून शिडीच्या पायऱ्यांसारखा लावावा लागतो. दुकानदार न वाचला जाणारा माल ठेवून घेत नाही, आणि त्या वेळी छापणारा समोर नसतो.

आता दुसरा मुद्दा: हे छापणाऱ्याचंच काम नाही का? काही अंशी आहेच. आलेली फाइल तपासणं, कमी रिझोल्यूशनचा लोगो किंवा हरवलेला फॉन्ट दिसला तर काम थांबवून विचारणं, प्रूफ देणं आणि त्यावर मंजुरी घेणं, हे चांगल्या छापखान्याचं कर्तव्य आहे. काही छापखाने ते करत नाहीत, हा दोष त्यांचाच. पण छापणाऱ्याच्या हातात नेमकं किती असतं तेही पाहायला हवं. स्टिकरची लहान कामं पुष्कळदा गँगमध्ये लागतात, म्हणजे एकाच शीटवर अनेक गिऱ्हाइकांची लेबलं शेजारी शेजारी छापली जातात. तुमचा लाल थोडा उजळावा म्हणून शाई वाढवली, तर शेजारच्या लेबलवरचा चेहरा लालसर होतो. म्हणून तिथे एकेकाच्या रंगाला हात लावता येत नाही. फाइलमध्ये जे आहे तेच छापलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेला लोगो दाबून लहान झालेला असतो. ३०० पिक्सेल रुंदीचा लोगो ३०० डीपीआयने जेमतेम अडीच सेंटिमीटरच नीट उतरतो. तो मोठा करून अस्पष्ट छापणं किंवा डोळ्याने पाहून नवा काढणं, एवढंच छापणाऱ्याच्या हातात असतं. नवा काढला तर तो तुमचा लोगो राहत नाही.

आणि या ‘बघून घेण्या’चा खरा तोटा पुढे कळतो. छापणाऱ्याने फाइल दुरुस्त केली, तर दुरुस्त फाइल त्याच्याकडेच राहते. दुसऱ्या छापखान्याकडे जायचं म्हटलं, दर वाढले म्हणून बदल करायचा म्हटला, की हाती काही नसतं. बरण्यांवर दिसणारं लेबल तुमचं, पण ते पुन्हा छापण्याचा अधिकार व्यवहारात दुसऱ्याकडे. शिकायची गरज नाही असं सांगणारे लहान उत्पादकाला ओझ्यातून सोडवत नाहीत, परावलंबी करतात.

राहिला तिसरा मुद्दा, एवढ्या लहान धंद्यावर एवढा भार कशाला. माझं उत्तर असं, की भार अज्ञानाचा जास्त आहे. प्रत्येक मसालेवालीने इलस्ट्रेटर शिकावं असं कोणीच म्हणत नाही. तिला फक्त काही गोष्टी माहीत असाव्यात आणि त्या मागता याव्यात: खऱ्या मापाची फाइल, सीएमवायके रंग, ब्लीड, एका काळ्यातला मजकूर, वेगळ्या लेयरवर डाय, कर्व्ह्ज केलेली छपाईची प्रत आणि बदलता येणारी मूळ प्रत. छपाईसाठी फाइल कशी असावी याचं पीडीएफ/एक्स हे आंतरराष्ट्रीय मानक २००१ पासून आहे. त्यात फॉन्ट फाइलमध्येच बंद होतात. कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटर ते देतात, आणि स्क्रायबससारखं मोफत सॉफ्टवेअरही सीएमवायके पीडीएफ काढून देतं. एकदा नीट केलेली फाइल पुढची कित्येक वर्षं पुरते. चुकीची हजार लेबलं मात्र एकाच दिवशी रद्दीत जातात.

म्हणून ज्यांच्या हातात काही करणं आहे त्यांच्याकडे माझी मागणी स्पष्ट आहे. महालक्ष्मी सरस प्रदर्शनात किंवा भीमथडी जत्रेत बचत गटांच्या मालाचं कौतुक होतं. त्याआधीच्या प्रशिक्षणांत आयोजकांनी पॅकिंगइतकाच वेळ लेबलच्या फाइलला द्यावा आणि मराठी लेबल छापून, वाचून दाखवावं. छापखान्यांनी आपल्या अटी सोप्या मराठीत, एका पानावर, दराच्या पत्रकासोबत द्याव्यात आणि प्रूफशिवाय काम लावू नये. डिझाइन करणाऱ्यांनी मूळ फाइल गिऱ्हाइकाला देणं हा व्यवहाराचाच भाग मानावा. आणि उत्पादकांनी ‘तुम्हीच बघा’ म्हणणं थांबवावं. मसाल्यात काय घालायचं हे आपण दुसऱ्यावर सोडत नाही. बरणीवर आपल्या नावाखाली काय छापलं जाणार, तेही आपणच ठरवलं पाहिजे, आणि ते ठरवण्याची जागा फाइल हीच आहे.